मंगळूनं ओळखलेलं फूल

ऐनाच्या वाडीतल्या मंगळू ठाकराचा उजवा कान अर्धाच होता, आणि गेलेला अर्धा ज्यानं तोडला त्या व्यापाऱ्याला आयुष्यभर करंगळीवाचून दिवस काढावे लागले. म्हशाच्या जत्रेतली गोष्ट. एक मुरबाडकडचा शेतकरी बैल घेत होता, व्यापारी म्हणत होता चार दाती आहे, आणि मंगळू आपला घोंगडी खांद्यावर टाकून मजेत बघत उभा. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तरी त्यानं पुढे होऊन बैलाचा जबडा उघडला, आत बोट फिरवलं आणि सांगितलं की दात कानशीनं घासलेत, बैल म्हातारा आहे. व्यापाऱ्यानं चाबकाची मूठ त्याच्या डोक्यात घातली, मंगळूनं त्याची करंगळी दाढेखाली धरली, त्यानं मंगळूचा कान धरला, आणि दोघं तसेच, एकमेकांच्या तोंडात, शेणाच्या राड्यात गडबडा लोळले. लोकांनी सोडवलं तेव्हा दोघांनीही आपापला घास थुंकून टाकला. मंगळूनं कानाला हळद लावली आणि पुन्हा म्हणाला, दात घासलेलेच आहेत.

असा माणूस. जे दिसलं ते बोलायचं, मग समोर कोण आहे ते बघायचं नाही. ही खोड त्याला बापाकडून लागली. बाप लखमा हा रानातला मोठा जाणकार. शहापूर ते मुरबाड पट्ट्यातले वैदू त्याच्याकडे पाला ओळखायला यायचे. मंगळूची शाळा चौथीत सुटली आणि लखमाची शाळा सुरू झाली. डोळ्यांवर फडकं बांधायचं, हातात पान नाहीतर मुळी द्यायची आणि नाव विचारायचं. चुकलं की पोटरीवर निरगुडीची छडी. हुंगायला परवानगी होती, चाटायलाही होती, रडायला नव्हती. दोन पावसाळ्यांत मंगळूच्या पोटऱ्या नांगरल्यासारख्या दिसायला लागल्या, पण रानातलं एकेक झाड त्याच्या बोटांत येऊन बसलं.

सगळ्यात जास्त मार त्यानं खाल्ला तो झाडावर बसणाऱ्या झाडांपायी. एकदा आमरीला तो बांडगूळ म्हणाला. लखमानं त्याला जांभळीवरून खाली ओढलं, इतकं मारलं की छडी तुटली, मग दुसरी तोडून आणली. मारता मारता समजावून सांगत होता, हे विशेष. बांडगूळ झाडाचं रक्त पितं, आमरी नुसती येऊन बसते, वाऱ्यावर जगते. पाहुणा आणि चोर यांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं रानात जाऊ नये. मग त्याच जांभळीवरची सीतेच्या वेणीची, म्हणजे गुलाबी तुऱ्यांच्या आमरीची, दोन झुपकी दाखवली. एकीचा गुलाबी रंग गडद, दुसरीचा उतरलेला. एकीच्या ओठावर ठिपके दाट, दुसरीच्या विरळ. एका आईची दोन पोरं कधी एकसारखी नसतात, तशी ही पण नसतात, असं लखमानं सांगितलं. दोन फुलं तंतोतंत सारखी दिसली तर समजायचं, झाड एकच आहे. कुणीतरी मोडून दोन केलंय.

हा धडा मंगळूच्या पोटरीवर उमटला तो कायमचा. पुढचा सगळा रक्तपात त्या धड्यानं केला.

चौऱ्याण्णव साली डोंबिवलीचे कर्णिकसाहेब ओढ्याच्या अलीकडे बंगली बांधून आले. रंगाच्या कंपनीत केमिस्ट म्हणून आयुष्य काढलेला, बारीक, मऊ बोलणारा माणूस. बंगलीमागे त्यांनी हिरवं जाळीघर उभारलं आणि त्यात ऑर्किडच्या कुंड्या टांगल्या. आता ही झाडं कुठली, तर कल्याणच्या पुष्पगुच्छवाल्याकडची, ठाण्याच्या केकच्या दुकानातली, मुलुंडच्या एका जनरल स्टोअरमधली. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणणार, ऑर्किड आहे, घ्यायचं तर घ्या. कुणाच्याही कुंडीत नावाची पट्टी नाही. सगळी संकराची, दोन देशांतल्या चार जाती एकमेकींत मिसळून केलेली, आणि आईबापाचा पत्ता नाही. साहेबांना त्याचा फार त्रास व्हायचा. चार किलोचं इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन, भिंग लावून, डोंबिवलीहून आले की रविवारभर ते एकेका फुलाचं घराणं शोधत बसायचे आणि हात हलवत उठायचे.

राखणीला त्यांनी गावातला जयराम ठेवला होता. भातशेतीवाल्या कुळातला, रेड्यासारख्या मानेचा, आणि साहेबांच्या कुंड्यांना स्वतःच्या पोरांपेक्षा जपणारा. मंगळू एक दिवस कुंपण ओलांडून जाळीघरात शिरला, कारण त्याला लांबून झाडावर बसणारी झाडं दिसली आणि ती झाडाशिवाय बसलेली कशी, ते बघायचं होतं. जयरामनं कुत्रं सोडलं. कुत्र्यानं पोटरी धरली, पाठीमागून जयरामनं दांडका घातला. साहेब आरडाओरडा ऐकून धावत आले, तर मंगळू एका पायानं कुत्र्याला झटकतोय, पायातून रक्ताची धार लागलीय, आणि हातात एका कुंडीतली मुळी धरून शांतपणे सांगतोय, "ह्यो आपल्या रानातल्याचा लांबचा पाव्हणा हाय."

साहेबांनी कुत्रं बांधायला लावलं आणि पाहुणा कसा ते विचारलं. मंगळूनं मुळीवरचं पांढरं पापुद्र्याचं आवरण दाखवलं, ओलं झाल्यावर हिरवं कसं होतं ते दाखवलं, मग फुलाच्या पाठीमागची हनुवटी. मग दुसऱ्या कुंडीकडे वळला. जांभळं फूल, दोन पाकळ्या किंचित पीळ घेतलेल्या. ह्याच्या आजाला शिंगं असणार, असं म्हणाला. साहेब हसले, पण आत जाऊन पुस्तक उघडलं, आणि अर्ध्या तासानं चश्मा कपाळावर चढवून परत आले. पुस्तकात खरंच तसं फूल होतं. हरणाच्या शिंगांसारख्या पिळाच्या पाकळ्यांचं, दूरच्या बेटांवरचं. त्याच्याच वंशातलं हे असावं. साहेबांनी मंगळूची जखम स्वतःच्या हातानं धुतली. जयरामला ते आवडलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी मंगळू जाळीघरात. वाडीत बारशाला म्हाताऱ्या जमतात आणि पोराला उलटंसुलटं करून सांगतात, नाक मामाचं, कपाळ आजाचं, पायाची बोटं मात्र आत्याकडची. मंगळूनं तीच रीत कुंड्यांना लावली. आधी पान उलटं करून पाठ बघायची. मग कांडं चाचपायचं, ते मधे फुगलंय की शेंड्याला. फुलाचा ओठ बाभळीच्या काट्यानं अलगद खाली ओढून घशातल्या रेघा मोजायच्या. सकाळी हुंगायचं आणि उन्हं तापल्यावर पुन्हा हुंगायचं, कारण काही फुलं दुपारीच वास सोडतात. मग तो मामाकडचं काय आणि बापाकडचं काय ते सांगायचा, साहेब पुस्तकात शोधायचे आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्यानं नाव कोरायचे. नावापुढे साहेब हटकून प्रश्नचिन्ह काढत. मंगळूला त्याचा राग यायचा. ही आकडी कशाला, असं त्यानं एकदा विचारलं. शंका आहे म्हणून, साहेब म्हणाले. मला नाय, मंगळू म्हणाला.

नऊ-दहा वर्षांत शंभरावर कुंड्यांना पत्रे लागले. एकच फूल मात्र दोघांना दाद देईना. ठाण्याच्या केकच्या दुकानातून आणलेलं. साईच्या रंगाच्या पाकळ्या, टोकं विड्याच्या लाल थुंकीत बुडवल्यासारखी, घशात तीन रेघा आणि त्यांतली मधली आखूड. त्याचा ना मामा सापडला, ना बाप. तीन वर्षं दर बहराला मंगळू त्याच्यासमोर उकिडवा बसून राही. त्याला ते फूल बायकोच्या तोंडासारखं पाठ झालं होतं.

आणि दोन हजार चार साली, माघ महिन्यातल्या एका गुरुवारी, नेमकी तीच कुंडी नाहीशी झाली.

ती वानरांनी नेली होती. जाळीला वरच्या बाजूला भगदाड पडलं होतं तिथून. जूनमध्ये ओढ्याच्या खडकांत फुटकी कुंडी आणि दातांनी चावलेली कांडी सापडली, तेव्हा हे कळलं. माघात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेब डोंबिवलीत, रविवारपर्यंत येणार नाहीत, आणि जयरामला वाटलं, आपली राखण गेली. त्यानं चार भावबंद गोळा केले आणि वाडीत घरोघर शिरला. सुदामच्या पडवीत, मेढीला सुतळीनं बांधलेली कुंडी त्याला दिसली. साईच्या रंगाच्या पाकळ्या, लाल टोकं.

सुदाम म्हणजे मंगळूची सख्खी बहीण बायजा हिचा मुलगा. वाशिंदला पुठ्ठ्याच्या कारखान्यात कामाला, वाडीतला पहिला पगारी गडी. बायको काजल हिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, ती माहेरी जायच्या आधी तिला काहीतरी द्यावं म्हणून शहापूरच्या एस.टी. स्टँडजवळच्या दुकानातून त्यानं ते झाड आणलं होतं. तो तसं सांगत होता. जयरामनं पावती मागितली. असल्या दुकानात पावती कोण देतं? त्यांनी त्याला शर्टाला धरून शेतातून फरफटत गावात, पोलीस पाटील देवराम यांच्या अंगणात आणला. कुंडीही आणली.

देवराम पाटील वयानं मोठा, तोलून बोलणारा. त्यानं मारायचं नाही असं सांगितलं आणि म्हणाला, मंगळूला बोलवा, तो म्हणेल ते खरं. हे ऐकून बायजाचा जीव भांड्यात पडला. निर्णय तिच्या भावाच्या तोंडात होता. तिनं पदरानं सुदामच्या ओठाचं रक्त पुसलं आणि ओट्यावर टेकली.

मंगळू आला. भाचा मातीत बसलेला दिसला, बहीण दिसली, जयरामच्या हातातला दांडका दिसला. त्याला काय वाटलं ते त्यानं पुढे कितीदा तरी सांगितलं: वाटलं की डोळे मिटून म्हणावं, हे नव्हे. पण तो कुंडीसमोर बसला. खिशातून काटा काढला. ओठ खाली ओढला. एक फूल, दुसरं फूल, तिसरं फूल. पानाची पाठ. कांडं. हुंगून बघितलं. लखमाची छडी पोटरीवर उठल्यासारखी झाली.

"बोल मंगळू," देवराम म्हणाला.

"ह्येच."

"नीट बघ रे भाऊ," बायजा म्हणाली.

"नीट बघूनच बोलतोय गो. मधली रेघ आखूड हाय. ह्येच झाड, नायतर ह्याचाच मोडलेला फुटवा. रानात आशी दोन नसतात."

"मामा, मी दुकानातून आणलंय," सुदाम म्हणाला. "तुझी शपथ."

"दुकानात दुसरं आसल. ह्ये नाय."

मग जे झालं त्याला पाव तासही लागला नसेल. जयरामचा पहिला दांडका गळ्याच्या हाडावर बसला आणि ओलं बांबूचं पेर मोडावं तसा आवाज आला. सुदाम उठायला गेला, त्याला पाठीमागून लाथ बसली. तो तोंडावर आपटला आणि दोन दात अंगणातल्या शेणसड्यावर उडाले. चार जण एका जागी मारताना एकमेकांनाही लागत होतं, त्याचा राग ते पुन्हा सुदामवरच काढत होते. देवराम ओरडत होता, पण अंगणाच्या पायरीवरून खाली उतरत नव्हता. बायजा पोराच्या अंगावर पडली, तिला केसांना धरून बाजूला फेकली. एका घावानं डावा डोळा गेला. फुटला म्हणजे फुटलाच, पिकलेल्या भोकरासारखा. तेव्हा कुठे मंगळू जागचा हलला. त्यानं जयरामच्या मानेला मागून मिठी मारली आणि खांद्याचा लचका तोडला. तोवर सुदाम ओरडायचा थांबला होता.

जीपनं त्याला शहापूरच्या दवाखान्यात नेला. देवरामनं घाबरून सगळं कागदावर घेतलं: चोरीचा माल सापडला, जाणकाराने ओळखला, जमाव प्रक्षुब्ध झाला. सोमवारी कागद पोलीस ठाण्यात द्यायचा होता. खाली मंगळूनं सही केली, मंगळू लखमा ठाकूर, चौथीतल्या अक्षरात. त्या सहीनं सुदाम चोर ठरणार होता. कारखान्यातून नाव कटणार होतं आणि दवाखान्यातून उठला की कोठडी.

घरी आल्यावर मंगळूच्या बायकोनं, बुधीनं, चुलीवरचा उलथना त्याच्या कपाळावर मारला आणि बोलणं टाकलं. कपाळाला खोक पडली. खरं तेच बोललो, असं तो शुक्रवारभर चुलीला सांगत होता.

शनिवारी सकाळी बुधीनं पेजेचा डबा त्याच्यापुढे आदळला. दवाखान्यात नेऊन द्यायचा होता. मंगळू शहापूरला उतरला आणि स्टँडच्या बाहेर आला. एक दुकान. टिकल्या, बांगड्या, वह्या, प्लास्टिकच्या बादल्या. बाहेरच्या बाकावर सात कुंड्या. साईच्या रंगाच्या पाकळ्या, लाल टोकं.

तो बाकासमोर उकिडवा बसला. काटा काढला. पहिल्या फुलाची मधली रेघ आखूड. दुसऱ्याची आखूड. सातव्या कुंडीपर्यंत आखूड. आणि या माणसाच्या डोक्यात पहिला विचार काय आला, तर हे झाड चोरून कुणीतरी सात ठिकाणी मोडलंय. तो उठला आणि गल्ल्यावर बसलेल्या गीताबाईंच्या अंगावर धावला, कुठून चोरलीत म्हणून. गीताबाई ठेंगणी, भरल्या अंगाची, स्टँडवर दुकान चालवून तयार झालेली. तिनं कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि बुधीनं पाडलेल्या खोकेवरच हाणला. मंगळू मटकन खाली बसला. बसला तो कुंडीच्या उंचीवर आला, आणि तिथून त्याला कांड्यांचे बुडखे दिसले. मोडून लावलेल्या झाडाच्या बुडाला काप असतो, वाळलेला, काळपट. इथं सातही बुडखे कोवळे, अखंड, जन्मल्यापासून एकटे.

रक्त पुसत त्यानं विचारलं, मग ही सारखी कशी. गीताबाईचा राग उतरला होता. तिनं सांगितलं की खोक्यातून येतात, एका खोक्यात बारा, सगळी एकसारखीच. बाटलीत करतात म्हणे. एका झाडाचा नखाएवढा तुकडा घेतात, औषधाच्या पाण्यात ठेवतात आणि त्याची हजार करतात. ठाण्यातही हीच, कल्याणलाही हीच. मग तिनं आपणहून सांगितलं की मागच्या आठवड्यात एक पोरगा अर्धा तास निवडत बसला होता; वाशिंदला कामाला जाणारा, बायकोसाठी हवं होतं; ती त्याला म्हणाली, अरे सगळी एकच आहेत, कुठलंही घे.

मंगळूनं स्वतःच्या तोंडात मारली. एकदा नाही, मारतच राहिला, दोन्ही हातांनी, स्टँडवरची माणसं गोळा होईपर्यंत. गीताबाईनं गजानंच त्याचे हात अडवले. काय झालं ते ऐकल्यावर तिनं दोन कुंड्या त्याच्या काखेत कोंबल्या. तो दवाखान्याच्या दारापर्यंत गेला, पेज आयाबाईच्या हातात दिली, आत पाऊल टाकवलं नाही, आणि मुरबाडची गाडी पकडली.

सापगावच्या पुढे, वाडीच्या फाट्यावर तो उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मोरीच्या कठड्यावर जयराम बसलेला, खांद्याला फडकं बांधून. तीन वर्षं ज्या फुलाला त्यानं पाणी घातलं होतं ते एकदम दोन कुंड्यांत बघून त्याला सगळं उमगायला क्षण लागला नाही. सुदाम चोर नसेल, तर जयराम एका निरपराध पोराचा डोळा फोडणारा ठरत होता.

"त्या घेऊन वर जायचं नाय," जयराम म्हणाला.

"जाणार."

"मंगळू, तू वळखलंस म्हणून मी मारला. माझी दोन पोरं हायत."

"माझी बहीण हाय," मंगळू म्हणाला. त्यानं दोन्ही कुंड्या मैलाच्या दगडाआड सावलीत नीट ठेवल्या, उन्हानं फुलं मलूल होतील म्हणून, आणि मगच जयरामच्या नाकावर डोकं घातलं.

जयराम तीस वर्षांनी तरणा आणि दीडपट वजनाचा. त्यानं मंगळूला कठड्यावर आडवा घेतला आणि दांडक्यानं बरगड्या मोजल्या. तिसऱ्या घावाला दोन बरगड्या गेल्या. मंगळूनं हाताला लागलेला धोंडा त्याच्या गुडघ्यावर ठेचला. जयराम पडला, पडता पडता त्यानं एक कुंडी लाथेनं उडवली, सरपटत जाऊन दुसरी दगडावर आपटली, आणि झाड मुठीत चुरगळायला लागला. मंगळू त्याच्या छातीवर बसून बोटं उघडत होता. एक बोट उलटं वाकवून मोडलं, दुसरं मोडलं, तेव्हा मूठ सुटली. आतून चार फुलांची एक दांडी तेवढी शाबूत निघाली. ती त्यानं सदऱ्यात घातली आणि जयरामला तिथंच कण्हत ठेवून गावाची वाट धरली. चालताना दर पावलाला तोंडात रक्त येत होतं, ते तो बाजूला वळून थुंकत होता. सदरा लाल झाला, पण दांडी त्यानं कोरड्या बाजूला धरली होती.

देवरामच्या अंगणात माणसं होतीच. बायजा सुदामचे कपडे न्यायला जीपमधून आली होती. ज्या सड्यावर दात पडले तो तिनं स्वतःच सारवून काढला होता आणि आता पाटलाला काहीतरी निक्षून सांगत होती. मंगळू आत आला तशी ती बाजूला सरली.

पुराव्याची कुंडी ओट्याच्या कोपऱ्यात होती. मंगळूनं सदऱ्यातली दांडी तिच्या शेजारी धरली. काट्यानं एक ओठ ओढला, मग दुसरा. या फुलाची मधली रेघ आखूड, त्याचीही. देवराम चश्मा लावून वाकला. मग चार-पाच जण वाकले. शहापूरच्या बाकावर अशी सात आहेत, ठाण्यात, कल्याणात हजार आहेत, असं मंगळूनं सांगितलं. सुदामनं आणलं ते दुकानातूनच. बाई ओळखते त्याला.

"म्हणजे?" देवराम म्हणाला.

"म्हंजे वळखण्यात माझी चूक झाली. लिवा."

देवरामनं कागद काढला, पण लिहीना. त्याला आपली पायरीही आठवत असणार. हे लिहिलं तर मार कुणाच्या शब्दावर पडला तेही लिहावं लागेल, असं तो हळूच म्हणाला. त्यात तू अडकशील.

"माझ्याच शब्दावर पडला. तेबी लिवा."

आधीचा कागद फाडला आणि नवा लिहिला. मंगळूनं रक्ताळलेला हात धोतराला पुसला आणि सही केली. बोरू खाली ठेवावा तसं पेन खाली ठेवलं, आणि हात तसाच ओट्यावर टेकून राहिला, कारण त्याला उभं राहवत नव्हतं.

बायजानं उखळाजवळचं मुसळ उचललं तेव्हा कुणी तिला अडवलं नाही. तिनं ते दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि भावाच्या मनगटावर आणलं. हाड तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मंगळूनं हात मागे घेतला नाही. तिनं पुन्हा उचललं, पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा उचललं ते तिच्याच्यानं पेललं नाही. मुसळ पाठीमागे गळून पडलं आणि ती ओट्यावर बसून धापा टाकायला लागली. मग तिनं त्याच्याकडे बघितलं. तो उभ्या उभ्या कलत होता. तिनं उठून त्याला काखेत धरला, शिव्या घालत जीपपाशी नेला आणि सुदामच्या कपड्यांच्या गाठोड्यावर त्याचं डोकं ठेवलं.

जयराम त्याच संध्याकाळी दोन मोडक्या बोटांनी पोलीस ठाण्यात हजर झाला. पुढे खटला चालला, त्याला आणि त्याच्या भावबंदांना शिक्षा झाली. मंगळूलाही कोर्टात उभं राहावं लागलं. तिथंही त्यानं विचारलं त्याच्यापेक्षा जास्तच सांगितलं. सुदामची नोकरी राहिली. एका डोळ्यानं तो पुठ्ठे कापायला शिकला.

पण हे नंतरचं. त्या रविवारी कर्णिकसाहेब दवाखान्यात आले. मंगळूच्या हाताला प्लॅस्टर, बरगड्यांना पट्टे. साहेब खाटेशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की बाटलीत झाडं करतात हे त्यांना वीस वर्षं ठाऊक आहे. तू इतकं ओळखतोस, तुला माहीत असेल असंच मला वाटलं. मंगळूनं डावा हात उचलला. साहेबांच्या थोबाडीत बसली ती खणखणीत, दोन खोल्यांपलीकडे ऐकू गेली. साहेबांनी चश्मा उचलला, सरळ केला, आणि बसून राहिले. उठून गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मंगळूची खाट सुदामच्या खाटेशेजारीच होती. दवाखान्यात दुसरी रिकामी नव्हती. सुदामनं भिंतीकडे तोंड केलं होतं. मामा आल्याचं त्याला कळलं होतं, पण तो वळला नाही. त्यानंतर सहा वर्षं तो मामाशी एक शब्द बोलला नाही. सातव्या वर्षी काय बोलला ते त्या दोघांनाच माहीत.

दुपारी बायजा पेजेचं पातेलं घेऊन आली. दोघांच्या मधल्या फरशीवर ती फतकल मारून बसली. आधी सुदामची मान हातावर घेतली आणि फुटक्या ओठांतून चमचा चमचा पेज घातली. सांडलेलं पुसलं. पुन्हा भरवलं. पातेलं अर्धं झालं तेव्हा तिनं पदराला हात पुसले आणि दुसऱ्या बाजूला वळली. मंगळूचा उजवा हात गळ्यात, डावा चादरीखाली. तो आढ्याकडे बघत होता.

"तोंड उघड," बायजा म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"उघड, नायतर दुसरा हात पण मोडीन."

त्यानं तोंड उघडलं. पेज गार झाली होती. तिनं पहिला चमचा जरा जास्तच आत खुपसला, त्याला ठसका लागला, मोडक्या बरगड्या कळवळल्या. ठसका थांबेपर्यंत तिनं चमचा हवेत धरून ठेवला, मग पुढचा भरला.